यापुढे वहाणा आणू नयेत

माणसानं आयुष्यात एकदा तरी चारचौघांत खरं बोलून बगावं. पब्लिक आपल्याला काय समजतं ते तवाच कळतं. मी बोलून बगितलं. आता तौबा.

माझं नाव बिभीषण. पाली फाट्याला चहाचं हॉटेल हाय. पन्नाशी गाठली तरी गाव मला बिभ्याच म्हणतं, आन् मी काय बी सांगितलं की ऐकायच्या आधी हसतं. त्यांची बी चूक न्हाई. मागं एकदा मी उठवून देलतं की तहसीलचा माणूस कोंबड्या मोजायला यायलाय, कोंबडीमागं टॅक्स बसणार. समद्यांनी कोंबड्या घरात कोंडल्या. दुपारच्याला गावातून असा कालवा उठला की एसटीच्या ड्रायव्हरनं गाडी थांबवून इचारलं, कुणी गेलं का म्हणून.

तो झाला कोंबड्यांचा कालवा. आता पाण्याच्या कालव्याचं सांगतो. त्यानं माझं डोस्कं उठवलं.

माझ्या हॉटेलाला खेटून मैनुद्दीनचं सायकलचं दुकान. लंगोटीयार हाय आपला. त्याची पोरगी मेहेक पुण्याला शिकायला होती, तिथनं डिग्री घेऊन आली आन् संगं एक खूळ घेऊन आली. म्हणली, "अब्बा, तिकडं लोक सायकलीला पिशव्या बांधून आठ-आठ दिवस फिरत्यात."

"काय इकायला?" मैनुद्दीन म्हणला.

"काय न्हाई. नुसतं बगत."

"आन् घरचे काय म्हणत न्हाईत?"

पण पोरगी जिद्दी. दीड वरीस ती सायकल घेऊन आख्खं बिंदुसरेचं खोरं फिरली. आन् शेवटी तिला घावला कालव्याचा रस्ता. धरणाच्या भिंतीखालून कालवा निघतो, त्याच्या काठानं मुरमाचा रस्ता हाय, पाटकऱ्याला पाणी सोडायला जायला केलेला. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली नदी, वरून बाभळीची सावली. समदी वाहतूक हायवेनं जाती, त्याच्यामुळं हितं ट्रक न्हाई, रिक्षा न्हाई, हॉर्न न्हाई. पार शेवटच्या गावापस्तोर माणूस गाणं म्हणत जाऊ शकतो, आन् कुणी साईड मागत न्हाई.

पुण्याच्या सायकल क्लबाला असलाच रस्ता पायजे होता. त्यांची म्होरकी प्रियदर्शनीबाई. तिची एकच अट. रस्त्यावर गाडी दिसली न्हाई पायजे. आयतवारी ती आपली माणसं घेऊन येणार, रस्ता बगणार, पटला तर दर हिवाळ्याला टोळ्या पाठवणार, आन् त्यांचं राहणं-जेवण-फिरणं समदं मेहेककडं.

मैनुद्दीननं माझ्यासमोर पोरीला सांगितलं, "आयतवारी बाईला पटलं तर कर तुझ्या मनाचं. न्हाई पटलं तर लातूरला तुझ्या खालाकडं जायचं. शोरूमची नोकरी ठरलेली हाय. मग सायकलचं नाव काढायचं न्हाई."

"कबूल," मेहेक म्हणली. डोळ्याची पापणी हलवली न्हाई पोरीनं. मलाच पाणी प्यावं लागलं.

तर कालव्याच्या तोंडाला एक बोर्ड लावायचं ठरलं, चुकून कुणी फटफटी घालू नये म्हणून. मेहेक क्लबवाल्यांना भेटायला पुण्याला निघाली होती. तिनं कागदावर लिहून देलं: 'सायकल मार्ग. यापुढे वाहने आणू नयेत.' म्हणली, "चाचा, सटवा पेंटरकडून एवढं करून घ्या. आन् चाचा, मस्करी नको."

"तुझ्या गळ्याची आन," म्हणलं.

"माझ्या न्हाई, तुमच्या."

"बरं, माझ्या."

आता सटवा पेंटर म्हंजी वडवणीच्या बाजारातला माणूस. उभी जिंदगी त्यानं देवळाचे बोर्ड रंगवले. मी कागद त्याच्याकडं देला आन् हॉटेलावर आलो. सांजच्याला जाऊन बगतो तर बोर्ड उभा. वर लाल रंगात '॥ श्री ॥'. त्याच्याखाली, 'यापुढे वहाणा आणू नयेत.' आन् तळाला, 'हुकुमावरून.'

"सटव्या, हे काय बे?"

"काय?"

"वाहने लिहायचं होतं. गाड्या. तू वहाणा कावून लिहिलंस?"

आमच्याकडं चपलीला वाहना म्हणत्यात, सगळ्यांना म्हाईत हाय. पण सटवाचं तोंड बगण्यासारखं झालं. म्हणला, "मला वाटलं पोरगी शहरात शिकलेली, काना-मात्रा चुकली आसंल. बंदी कशाची आसती? वहाणांचीच आसती. मी तर दुरुस्त करून लिहिलं."

"आन् सायकल मार्ग कुठाय?"

"श्री लिहिल्यावर मावंना."

"श्री कुणी सांगितलं?"

"श्रीबगर बोर्ड आसतो का?"

मी कालव्याच्या काठावर बसलो आन् पोट धरून हसलो. सटवा म्हणला, उद्या पुसून देतो. आन् हितं माझ्यातला सैतान जागा झाला. म्हणलं, "मेहेक येईस्तोर राहू दे. गंमत बगू."

पहाटं-पहाटं मी बाभळीच्या आडोशाला जाऊन बसलो. पहिल्यांदा आली बायनाबाई. सत्तरीची म्हातारी, तिचं रान कालव्याला लागूनच हाय. ती बोर्डापाशी थांबली. तिला वाचता येतं, अक्षर-अक्षर लावून. "या... पुढे... व... हा... णा..." मग तिनं हिकडं बगितलं, तिकडं बगितलं, पायातल्या टायरच्या वाहना काढल्या, हातात धरल्या, बोर्डाला हात जोडले आन् अनवाणी रानात गेली.

मी इतका हसलो की बाभळीचा काटा रुतला तरी कळलं न्हाई. तेवढंच माझं हसणं. त्याच्यानंतर मी हसलो न्हाई.

कारण बायनाबाईनं रानातल्या बायांना सांगितलं. बायांनी घरी सांगितलं. दुसऱ्या दिशी बोर्डाखाली चपलीचा ढीग. आता वाहना काढायच्या म्हणल्यावर फुडं देव पायजेच. लोकांनी हुडकला. बोर्डापासून बिडी ओढून होईस्तोर चाललं की कालव्याच्या काठाला एक दगड हाय. पाटबंधाऱ्यावाले लांबी मोजायला असले दगड पुरत्यात, त्याच्यावर 'साखळी' आन् फुडं आकडा लिहिलेला आसतो. आकडा पुसून गेलता, साखळी तेवढी राहिलती. झालं. साखळोबा! कुणी शेंदूर लावला, कुणी नारळ फोडला. आमिनाबी, म्हंजी मैनुद्दीनची बायको, मेहेकची आई, ती सुदिक लांबून डोक्यावर पदर घेऊन गेली. म्हणली, "कोई वली होंगे भाईजान. आपल्याला काय म्हाईत, हात जोडलेले बरे."

"भाभी, तो मोजमापाचा दगड हाय!"

"तुम्हाला समदी मस्करीच सुचती," ती म्हणली.

मेहेक पुण्याहून आली ती थेट कालव्यावर. बोर्ड वाचला. ढीग बगितला. मग माझ्याकडं बगितलं. आयुष्यात पोलिसांनी बगितलं, बायकोनं बगितलं, असं कुणी बगितलं न्हाई.

"चाचा."

"सटवानं केलं."

"आन् पुसलं कावून न्हाई?"

मी बाभळीकडं बगितलं.

"रंग कुठंय?" ती म्हणली. "आत्ता पुसायचं."

रंग आणला. मी ब्रश टेकवला न टेकवला तोच मागनं धा-बारा माणसं धावत आली. "ए बिभ्या! देवाचा हुकूम पुसतोस व्हय बे?" ब्रश हातातून हिसकून कालव्यात फेकून देला. माझा नवा ब्रश.

पण खरं डोस्कं फिरलं ते शुक्रवारी. मी बोर्डापाशी बसलो होतो. एक बुलेट आली. मी उठून उभा राहिलो, म्हणलं आता हा तरी वाचंल, थांबंल. थांबला. उतरला. पायातल्या चपला काढल्या, ढिगात ठेवल्या, बोर्डाला नमस्कार केला, परत बुलेटवर बसला, अनवाणी किक मारली आन् धडाधडा आत निघून गेला.

"अय! अय! गाडी कुठं?"

"काय झालं काका?"

"बंदी हाय!"

"चपला काढल्यात की," तो मागं वळून म्हणला.

बरोबर होतं की त्याचं! बोर्डावर गाडीचं नावच न्हाई. त्याच्यामागं दुसरा, तिसरा. कडा गावाहून एक जीप आली, आत बसलेली चौदा माणसं झाडून अनवाणी. ड्रायव्हर सुदिक. एक ट्रॅक्टरवाला आला, त्यानं बूट काढून ट्रॉलीत ठेवले, मग त्याच्या लक्षात आलं की बूट आत चाललेत, म्हणून परत उतरून बाहेर ठेवले. काय इमानदारी! ज्या रस्त्यावर कधी सायकलीची घंटी वाजली न्हाई तिथं पानवाला बसला, रसवंतीवाला जागा बगून गेला, आन् हॉर्नवर हॉर्न. अख्ख्या बीड जिल्ह्यात गाडी नसलेला एक रस्ता होता. तो बी आमी भरून दाखवला.

मेहेक काठावर बसून बगत होती. रडली असती तर मला बरं वाटलं असतं. ती हळूच म्हणली, "परवा आयतवार हाय चाचा."

मग मी ठरवलं, खरं सांगायचं. शनिवारी सकाळी साखळोबाफुडं गर्दी होती. विठ्ठलराव बी आले होते. आमच्या भागाचे फुडारी, गाव त्यांना आण्णा म्हणतं, पांढरा कडक शर्ट, जिल्हा परिषदेवर डोळा. मी दगडाशेजारी उभा राहिलो आन् दोन्ही हात वर करून म्हणलो, "लोकहो, ऐका. देव न्हाई. सटवानं बोर्ड चुकीचा लिहिला आन् मी मजा म्हणून राहू देला. हा मोजमापाचा दगड हाय."

 मग मागनं एक जण फिसकन हसला. मग समदेच.

"बिभ्या, आता देव बी तूच केला म्हणतोस व्हय?"

"कोंबड्या मोजायला कवा येणार हाय रे देव?"

"आरं खरं सांगायलोय! आईशप्पथ!"

"मागं बी आईशप्पथच म्हणलतास!"

विठ्ठलरावांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "बिभीषणा, चेष्टा कुठं करावी आन् कुठं न्हाई, ह्याला काय मर्यादा?" आन् गर्दीकडं वळून म्हणले, "उद्या आयतवारी साखळोबाच्या फुडं भंडारा. डाळ, भात, लापशी. आन् सभामंडप मी माझ्या खर्चानं बांधणार."

टाळ्या पडल्या. उद्या म्हंजी आयतवार. मेहेकचा आयतवार. मी तिच्याकडं बगायचं टाळलं.

हॉटेलावर मैनुद्दीन चाकाचे स्पोक ताणत बसला होता. वर न बगता म्हणला, "बिभ्या, पोरीची बॅग भरायला सांगू का?"

"थांब की बे उद्यापस्तोर."

"मी थांबतो. खाला थांबत न्हाई. तिचा फोन आला होता."

चहा ओतताना माझा हात भाजला. कुणाला सांगावं आन् काय सांगावं? खरं सांगितलं तर हसत्यात, खोटं सांगितलं तरी हसत्यात. असला धंदा मी जन्मभर जमवून ठेवलेला.

तसाच दुपारच्याला परत कालव्यावर गेलो. तर बोर्डापाशी वेगळाच तमाशा. बायनाबाई रस्त्याच्या मधोमध काठी घेऊन उभी. समोर एक फटफटीवाला, अनवाणी. म्हातारीनं रानात वाळवणाला मिरच्या घातल्या होत्या, त्याच्यावर गाड्यांचा फुफाटा बसून मिरच्या मातीच्या झाल्या होत्या. तिचं टकुरं तापलेलं.

"उतर मुडद्या!"

"आजी, चपला काढल्यात."

"तुझ्या काढल्यास. गाडीच्या?"

"गाडीला कुठं चपला आसत्यात?"

बायनाबाई वाकली, ढिगातनं आपली एक वाहना काढली, त्याच्या नाकाफुडं धरली. "ही कशाची हाय?"

"टायरची."

"आन् तुझ्या चाकाला काय हाय?"

तो चाकाकडं बगाय लागला. मागं उभे राहिलेले समदेच आपापल्या चाकाकडं बगाय लागले.  म्हातारीनं काठी आपटली. "मग? तुझ्या पायातली काढायची आन् चाकाच्या पायातली घालून देवाफुडं जायचं व्हय? काढ दोन्ही टायर, मग जा."

फटफटीवाला बिचारा गाडी वळवून गेला. त्याच्यामागचे बी गेले. जीपवाल्यानं जीप हायवेला उभी केली. सांजपस्तोर एकसुदिक चाक आत गेलं न्हाई. मी म्हातारीच्या पाया पडायला धावलो. ती म्हणली, "तू लांब हो, तुझा भरवसा न्हाई."

मी नाचतच मेहेककडं गेलो. "पोरी, झालं काम! रस्ता मोकळा! टायरला बंदी!"

मेहेकनं ऐकून घेतलं. म्हणली, "लई भारी चाचा. आन् सायकलीला काय आसतं?"

मी खाली बसलो.

आयतवारी सकाळी प्रियदर्शनीबाई आली. पन्नाशीची बाई, नाक उन्हानं सोललेलं, डोक्यावर टोपडं, मागं अकरा सायकली, दोन्ही अंगाला पिशव्या. समोर बगते तर शे-दोनशे माणूस, चपलीचा डोंगर, आन् बोर्डाखाली पोत्यावर बसलेली बायनाबाई.

"मेहेक, ही गर्दी कसली?"

"देव आहे मॅडम."

"तू पाठवलेल्या फोटोत नव्हता."

"ह्याच आठवड्यातला हाय," मी म्हणलो. मेहेकनं माझ्या पायावर पाय देला.

बायनाबाईनं काठी आडवी धरली. "टायर हाय?"

"आहे," बाई म्हणली.

"काढा."

"मेहेक, हे काय चाललंय? आपलं काय ठरलं होतं?" बाईचा आवाज चढला. मागचा एक जण म्हणला, मॅडम, मी सांगत होतो, कोकणात जाऊ. मैनुद्दीन लांब झाडाखाली हाताची घडी घालून उभा होता. त्यानं मान हलवली, झालं म्हणून.

मेहेक पुण्याच्या बाईशी काय बोलली न्हाई. ती बायनाबाईफुडं उकिडवी बसली. "आजी, तुमी रोज रानात जाता तवा तुमच्या वाहना कुठं आसत्यात?"

"हातात."

"मग वाहना आत जात्यातच की."

"पायात न्हाई ना जात. भुईला टेकल्या न्हाई पायजेत."

"आन् सायकलीचं टायर भुईला टेकलं न्हाई तर?"

म्हातारी इचार करत बसली. दोनशे माणूस तिच्या तोंडाकडं बगत होतं. मागनं कुणीतरी म्हणलं, "तसं बगितलं तर बरोबर हाय." दुसरा म्हणला, "आरं पण सायकल उचलून कोण—" त्याला गप केलं.

"देवापस्तोर उचलायची," बायनाबाई शेवटी म्हणली. "देवाला पाठ झाली की चढा. मागं काय चाललंय त्याला दिसत न्हाई."

मेहेक उठली, प्रियदर्शनीबाईला समदं सांगितलं. फिरवून सांगितलं न्हाई, जसं हाय तसं. "मॅडम, त्या दगडापर्यंत सायकल खांद्यावर. त्याच्या पुढं शेवटच्या गावापर्यंत एक गाडी दिसली तर मी परत तुम्हाला फोन करणार नाही."

बाईनं बोर्डाच्या पलीकडं बगितलं. रिकामा रस्ता, पाणी, बाभळी. बराच येळ बगितलं. मग बूट काढले. त्यांच्या बुटाच्या तळाला लोखंडाचे तुकडे, खाली ठेवले तर टक्क वाजले, पोरं हसली. बाईनं सायकल खांद्यावर घेतली. मग मागचे काय करणार? त्यांनी बी घेतल्या. पिशव्या जड होत्या, तर गावातल्या बायांनी त्या आपल्या डोक्यावर घेतल्या. म्हसरं बगून राहिली, असली दिंडी कुणी बगितली न्हाई. कोकणवाला सगळ्यांत मागं, मुरमाचे खडे टोचून कुई-कुई करत. दगड ओलांडल्यावर त्यांनी पिशव्या अडकवल्या, मेहेक आपल्या जुन्या सायकलीवर म्होरं झाली, आन् समद्या सायकली वळणावर दिसंनाशा झाल्या.

मी म्हणलं, सुटलो. आन् मागनं हॉर्न वाजला.

विठ्ठलरावांची गाडी. पांढरी, उंच. मागं दोन टेम्पो, डाळी-भाताची पातेली. त्याच्यामागं कालच्या फटफट्या, समद्या परत आलेल्या, आण्णाच्या गाडीमागं आपली बी घुसवू म्हणून.  ही एक गाडी आत गेली की पन्नास जाणार. मेहेक बाईला घेऊन परतंल तवा रस्त्यात पातेली, टेम्पो, आन् धुरळा. संपलं. लातूर.

बायनाबाईनं काठी आडवी धरली.

"बाजूला व्हा बायनाबाई," विठ्ठलराव काचेतून म्हणले. "मी देवाला मंडप बांधायलोय."

"बांधा की. चालत बांधा."

"पातेली कोण नेणार?"

"टायर काढून न्या."

विठ्ठलराव हसले, पण डोळे हसले न्हाईत. ड्रायव्हरला म्हणले, हळूहळू फुडं घे, म्हातारी हटती. गाडी इंचभर सरकली. गर्दी हलली. कुणी म्हातारीला आवरायला गेलं, कुणी म्हणलं, आण्णाचं काम हाय, जाऊ द्या. म्हातारीनं काठी बंपरला टेकवली.

मी काय करणार होतो? खोटं बोललो तर पकडत्यात. मग म्हणलं, आज खरंच बोलू, पण चांगलं बोंबलून. मी बॉनेटवर चढलो.

"आण्णा, बरोबर हाय तुमचं! घाला बिनधास्त गाडी! देव-बिव काय न्हाई हितं! दगड हाय दगड! बोर्ड मीच लावलाय!"

"उतर खाली," विठ्ठलराव म्हणले.

"कावून उतरू? मी आन् आण्णा एका मताचे हावोत! आण्णा बी मानीत न्हाईत, मी बी मानीत न्हाई! चला आण्णा, आपण दोघं गाडीतून जाऊ! लोकांना जाऊ द्या अनवाणी!"

गर्दीत जी काय गडबड उठली ती मी सांगत न्हाई. एक चप्पल माझ्या कानाजवळून गेली, दुसरी कानाला लागून गेली. चपलीचा तुटवडा नव्हताच. पण लोक आता माझ्याकडं न बगता गाडीच्या काचेकडं बगाय लागले होते. आण्णा बिभ्याच्या पार्टीत हायत का काय?

विठ्ठलरावांनी दार उघडलं. खाली उतरले. माझ्याकडं असं बगितलं, की जणू जिल्हा परिषदेची निवडणूक झाल्यावर तुला बगतो. मग गाडीला टेकून एक बूट काढला, दुसरा काढला. मोज्यातून आंगठा बाहेर आलता. मोजा बी काढला.

"ह्याचं ऐकून मी गाडी घालीन व्हय?" ते गर्दीला म्हणले. "पातेली उचला रे!"

मग काय, चार-चार माणसं पातेल्याला लागली. फटफट्या गुमान वळल्या. टेम्पो हायवेला गेले. विठ्ठलराव खड्यातून पाय उचलत उचलत चालले, आन् मागनं माणसं साखळोबाच्या नावानं ओरडत. मी बॉनेटवरून उतरलो तर बायनाबाईनं काठीनं माझ्या नडगीवर एक दिली. म्हणली, "देव न्हाई म्हणतो!"

"म्हातारे, तुझ्यासाठीच बोललो!"

"खोटारडा," ती म्हणली.

सायकली परतल्या तवा ऊन उतरणीला लागलं होतं. दगडापाशी समदे उतरले, न सांगता सायकली खांद्यावर घेतल्या. कोकणवाल्याच्या पायाला फोड आला होता, पण हातात लापशीचा द्रोण. प्रियदर्शनीबाई बोर्डापाशी येऊन बूट घालत बसली. तिचं सोललेलं नाक आणखीन लाल झालं होतं. मेहेक बाजूला उभी. मैनुद्दीन झाडाखालून दोन पावलं फुडं आला आन् थांबला.

बाईनं नाडी बांधली. म्हणली, "एक खारूताई दिसली. एक म्हैस. आणि एक आजोबा, ते झोपले होते."

"गाडी?" मेहेकनं इचारलं. तिचा आवाज पयल्यांदाच हलला.

"एकही नाही. असा रस्ता मी वीस वर्षांत पाहिला नाही, मेहेक." मग बोर्डाकडं बगून म्हणली, "आणि ह्यापुढे पाहीन असं वाटत नाही. नाताळच्या सुट्टीत तीस जण येऊ. चालेल?"

मेहेकनं हो म्हणायला तोंड उघडलं, पण तिनं आधी बापाकडं बगितलं. मैनुद्दीन माझ्याकडं बगत होता, मी त्याच्याकडं. मला वाटलं आता म्हणतो, वा पोरी. त्यानं डोक्यावरची टोपी काढून झटकली, परत घातली, आन् वैतागून म्हणला,

"तीस? तीस माणसाच्या भाकरी तुझी अम्मी एकटी कशी थापील? आधी सांगायचं ना. बाजारातून दुसरा तवा आणावा लागंल."